केमिकल पील डागासाठी आहे, रंगासाठी नाही

आंबेडकर जयंती झाली की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. बौद्धांना मुहूर्त पाहायचा नसतो, तरी मंगल परिणयाच्या पत्रिका हातात पडतात त्या एप्रिल-मेमधल्याच. मुलांना सुट्ट्या असतात, मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना गावी यायला सवड मिळते. याच दिवसांत पार्लर आणि स्किन क्लिनिकच्या दारांवर ‘ब्रायडल पॅकेज’चे फलक झळकू लागतात. पूर्वी त्यात फेशियल, ब्लीच आणि मेहंदी एवढेच असे. आता त्यात केमिकल पीलही येऊन बसले आहे. विहारातल्या आरोग्य शिबिरात, महिला मंडळाच्या बैठकीत आणि या पानाकडे येणाऱ्या पत्रांत आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : लग्नाला महिना राहिला आहे, पील करून घेतले तर मुलगी उजळेल का? विचारणारी बहुधा आई असते. जिच्या चेहऱ्याविषयी बोलणे चालले आहे ती शेजारी गप्प उभी असते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. मुरुम, मुरुमांनी मागे ठेवलेले काळे डाग आणि वांग यांच्यासाठी केमिकल पील हा उपयोगी आणि पारखलेला उपचार आहे. मात्र तो त्वचारोगतज्ज्ञाने करायला हवा आणि पुढची काळजी घेण्याची रुग्णाची तयारी हवी. सावळ्या मुलीला गोरी करण्याचा उपचार तो नाही. त्या आशेने तो करायला गेले की घाई होते, आम्ल कडक वापरले जाते, उन्हाचा विचार होत नाही, आणि चेहरा बिघडण्याची शक्यता वाढते.

पील म्हणजे नेमके काय करतात? जाहिरातीतले गुळगुळीत शब्द बाजूला ठेवले तर पील म्हणजे हिशेबाने केलेली जखम. चेहऱ्यावर आम्ल लावून त्वचेचा वरचा थर ठरावीक खोलीपर्यंत सैल करायचा किंवा जाळायचा, आणि तो गळून पडला की खालून नवा थर येऊ द्यायचा. आपली बाह्यत्वचा तशीही सतत बदलत असते. तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत सरकत साधारण चार आठवड्यांत मृत होऊन गळून पडते. आम्ल या कामाला जबरदस्तीने वेग देते. सगळी मदार त्या ‘ठरावीक खोली’वर आहे. वरवर राहिले तर फायदा, खोल गेले तर भाजणे. ही खोली कशावर ठरते? आम्ल कोणते, किती टक्क्यांचे, किती मिनिटे ठेवले, किती थर दिले, आधी चेहरा कसा पुसला, आणि मुळात त्वचा कशी आहे, या सगळ्यांवर. म्हणूनच एकच बाटली एकीला मानवते आणि तिच्या सख्ख्या बहिणीला भाजते.

आम्लांची नावे वाचकांनी ओळखून ठेवावीत. क्लिनिकमध्ये विचारायला उपयोगी पडतात. सर्वांत जास्त वापरले जाणारे ग्लायकोलिक आम्ल. ते उसात सापडते, असे जाहिरातीत आवर्जून सांगतात. पण बाटलीतले आम्ल कारखान्यात रसायनांपासून बनवलेले असते, आणि रसवंतीवरचा रस तोंडाला चोळून पील होत नाही. ग्लायकोलिक काही मिनिटे ठेवून मग पाण्याने किंवा सोड्याच्या द्रावणाने त्याचा जोर मारावा लागतो. घड्याळाकडे दुर्लक्ष झाले की ते खोल जात राहते. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यासाठी सॅलिसिलिक आम्ल जास्त कामाचे, कारण ते तेलात विरघळते आणि रंध्रांत शिरते. ते लावल्यावर चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसते. घाबरण्यासारखे त्यात काही नसते, ते आम्लाचेच स्फटिक असतात. मँडेलिक आणि लॅक्टिक ही तुलनेने सौम्य आम्ले, नाजूक त्वचेला आणि पहिल्यांदा करणाऱ्यांना बरी. याच्या पुढचे टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल. त्याचा जोर मारता येत नाही, त्यामुळे चुकीला जागा नाही. आणि सर्वांत खोल जाणारे फिनॉल. ते रक्तात शिरून हृदयाची लय बिघडवू शकते. त्यासाठी मॉनिटर लावून, रुग्णालयातच काम करावे लागते, आणि आपल्यासारख्या तपकिरी त्वचेसाठी ते सहसा वापरतच नाहीत.

फायदा कोणाला होतो, हे मोकळेपणाने सांगायला हवे, कारण आपल्यातली काही ज्येष्ठ मंडळी हे सारे चोचले समजतात. आम्हाला ते पटत नाही. मुरुम हा त्वचेचा आजार आहे. गाठी येणाऱ्या, पू भरणाऱ्या मुरुमांनी चेहरा भरलेला मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसू लागतो, मुलगी फोटो काढू देत नाही, मुलाखतीला जाताना ओढणी गालावर ओढून घेते. पोटाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जायला लाज नसेल, तर यासाठीही नसावी. आधी मलमे आणि गोळ्यांनी मुरुम आटोक्यात आणायचे आणि जोडीला सॅलिसिलिकची पील द्यायची, ही रीत चांगली चालते. मुरुम गेल्यावर राहणारे काळे डाग पीलने लवकर फिकट होतात. बाळंतपणानंतर किंवा उन्हाने गालावर येणारे वांग वरच्या थरात असेल तर ग्लायकोलिकने कमी होते, पण औषधे आणि सनस्क्रीन सोबत असतील तरच. खोल थरातले वांग पीलने फारसे हलत नाही, आणि गेलेले वांगही उन्हाने, गरोदरपणाने परत येऊ शकते. मुरुमांचे खड्डे वरवरचे असतील तर थोडे भरल्यासारखे दिसतात. खोल, टोकदार खड्ड्यांना वेगळी पद्धत लागते. त्यांत काडीच्या टोकाने थेंबभर कडक टीसीए फक्त खड्ड्यातच सोडतात. हे सगळे दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा करायचे काम आहे. एका बैठकीत चमत्कार दाखवणारा माणूस एक तर खोटे बोलतो आहे किंवा फार कडक आम्ल वापरतो आहे.

आता रंगाचे. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती मेलॅनिन बनवतात, ते कोणत्या प्रकारचे आणि त्याचे कण केवढे, यात. हे आईबापांकडून आलेले असते. या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी बसलेल्या असतात, आणि वरवरचे पील तिथपर्यंत पोचत नाही. पोचू नयेच. वरचा थर गेला तरी त्या आपले काम करत राहतात आणि महिन्याभरात चेहरा आपल्या मूळ रंगावर येतो. मग ‘ग्लो’ म्हणतात तो काय? मृत पेशी निघाल्याने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, प्रकाश नीट परावर्तित होतो, म्हणून चेहरा काही दिवस तुकतुकीत दिसतो. तो रंग नव्हे. आणि मेलॅनिन तर आपली छत्री आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून ते पेशींना वाचवते. काळ्या-सावळ्या माणसांत त्वचेचा कर्करोग गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी आढळतो, तो याच छत्रीमुळे. ती फाडायला पैसे मोजायचे, हा व्यवहार आम्हाला उफराटा वाटतो.

याच मेलॅनिनमुळे पीलचा धोकाही आपल्याला जास्त आहे. तपकिरी त्वचेचा एक स्वभाव असतो : तिला कुठेही इजा झाली, दाह झाला, की ती त्या जागी जादा मेलॅनिन ओतते. डास चावून खाजवले तरी आपल्या पायावर काळा ठिपका महिनोन् महिने राहतो, तो यामुळेच. पील म्हणजे इजाच. ती जरा खोल गेली, किंवा भरून येण्याआधी ऊन लागले, की ज्या डागांसाठी पील केले त्यांच्यापेक्षा मोठे आणि गडद डाग उमटतात. फार खोल गेली तर रंगपेशीच मरतात आणि पांढरे चट्टे राहतात, किंवा व्रण उरतो.

त्वचेचे एक ते सहा असे प्रकार पाडणारी मोजपट्टी हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली. ती सुरुवातीला गोऱ्या त्वचेसाठीच होती, तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार तिला नंतर जोडले गेले. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतो. परदेशी व्हिडिओ पाहून त्यातले टक्के आणि मिनिटे इथे वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा चष्मा लावणे आहे. योगायोग असा की, त्याच १९७५ साली आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. पंचेचाळीस वर्षे गोरेपणा विकून झाल्यावर २०२० साली तिने नावातला ‘फेअर’ काढला आणि ‘ग्लो’ लावला. क्लिनिकच्या फलकांवरही आता ‘गोरेपणा’ हा शब्द सापडत नाही. तिथे ‘ग्लो’, ‘ब्राइटनिंग’, ‘डी-टॅन’ असतात. आईला मात्र त्यांचा अर्थ बरोबर कळतो.

आमच्या माहितीतल्या एका मुलीचा साखरपुडा ठरला होता. अभ्यासात हुशार, नोकरी लागलेली. आठ दिवस आधी तिने एका पार्लरमध्ये पील करून घेतले. कोणते आम्ल, किती टक्के, हे तिला कोणी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. जळजळ होते म्हटल्यावर ‘होतेच, सहन कर’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी खपल्या धरल्या, त्या तिने नखाने काढल्या, आणि भर उन्हात स्कूटरवरून खरेदीला हिंडली. साखरपुड्याच्या फोटोत दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे आहेत. ते फिकट व्हायला आठ महिने लागले, तेही त्वचारोगतज्ज्ञाकडे फेऱ्या मारून. पार्लरवालीचे म्हणणे असे की, तुमची स्किनच खराब.

उन्हाचा मुद्दा आम्ही मुद्दाम ताणून सांगतो, कारण तो आपल्या समाजाच्या जगण्याशी भिडतो. पीलनंतर काही आठवडे ऊन टाळा, असे प्रत्येक माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ए.सी. ऑफिसात बसणारी बाई असते. पहाटे रस्ता झाडायला निघून दुपारी परतणारी सफाई कामगार, गल्लोगल्ली फिरणारी आशा, हातगाडीवर भाजी विकणारी, निंदणी-खुरपणीला जाणारी, बांधकामावर विटा वाहणारी यांनी ऊन कुठे टाळायचे? सनस्क्रीन लावायचे तर चेहऱ्या-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढे लागते आणि उन्हात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. असे नीट लावले तर पन्नास ग्रॅमची नळी महिनाभरही पुरत नाही. ज्यांना हे परवडत नाही किंवा जमत नाही, त्यांनी पील करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांच्या वांगासाठी रुंद काठाची टोपी, पदर, आणि डॉक्टरांनी दिलेले साधे मलम हा जास्त सुरक्षित मार्ग आहे. ज्यांना जमते त्यांनीही विदर्भ-मराठवाड्याचा मे महिना निवडू नये. पावसाळा संपल्यापासून थंडी सरेपर्यंतचा काळ चांगला. लग्न मेमध्ये असेल तर सुरुवात दिवाळीनंतर करावी आणि शेवटची बैठक लग्नाच्या किमान महिनाभर आधी उरकावी. आयुष्यातले पहिले पील लग्नाच्या महिन्यात तर कधीच नको.

चांगला डॉक्टर पहिल्याच दिवशी पील करत नाही, ही एक खूण लक्षात ठेवावी. तो आधी दोन ते चार आठवडे सनस्क्रीन आणि मलमे लावून त्वचा तयार करून घेतो. कानामागे थोडे लावून पाहतो. काही गोष्टी विचारतो : ओठांवर ताप उतरल्यावर येतात तशा पुळ्या वारंवार येतात का, कारण पीलनंतर तो विषाणू सगळ्या चेहऱ्यावर पसरू शकतो. जखमेवर गाठाळ, वाढणारा व्रण येतो का. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत किंवा नुकत्याच बंद केल्या आहेत का. दिवस गेले आहेत का, बाळ अंगावर पिते का. अॅस्पिरिनची अॅलर्जी आहे का, असेल तर सॅलिसिलिक चालत नाही. यातले काहीच न विचारता जो बाटली उघडतो त्याच्यासमोरून उठून यावे. पैसे दिलेले असले तरी.

त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेली व्यक्ती. भिंतीवर टांगलेले ‘कॉस्मेटॉलॉजी’चे प्रमाणपत्र चार दिवसांच्या शिबिराचेही असू शकते. डॉक्टरची नोंदणी विचारण्यात उद्धटपणा नाही. खासगीत एका बैठकीचा खर्च हजार-दीड हजारांपासून कित्येक हजारांपर्यंत जातो, आणि बैठका पाच-सहा. त्यासाठी कर्ज काढणारी घरे आम्ही पाहिली आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, म्हणजे नागपूरचे मेडिकल आणि मेयो, संभाजीनगरची घाटी, पुण्याचे ससून, मुंबईचे जे.जे. किंवा महापालिकेची केईएम, सायन, नायर इथे, त्वचारोग विभाग आहेत. तपासणी अगदी थोड्या पैशांत होते आणि समोर शिकलेला तज्ज्ञ असतो. अडचण वेगळीच आहे. अनेक ठिकाणी दारावर ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी असते आणि त्या रांगेत उभे राहायला मुली कचरतात. आयांनी ही लाज मोडावी. लागल्यास सोबत उभे राहावे. ज्यांच्यासाठी पार्लरमध्ये दोन तास बसून राहता, त्यांच्यासाठी इथेही बसता येईल.

घरी मागवायच्या बाटल्यांविषयी थोडक्यात. ऑनलाइन दुकानांत कडक ग्लायकोलिक, अगदी टीसीएसुद्धा, साबणासारखे मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये लोकांना सावध केले की, कडक आम्लांची अशी पील डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत, त्यांनी भाजण्याच्या गंभीर घटना घडल्या आहेत. आमचे सांगणे तेच. आणि लिंबू-सोडा चोळणाऱ्यांनीही ‘घरगुती आहे, काय होतंय’ म्हणू नये. लिंबाचा रस हे आम्लच आहे, त्याचे टक्के कोणी मोजलेले नाहीत, आणि तो लावून उन्हात गेल्यास फोडही येतात.

पील महाग म्हणून जे औषधाच्या दुकानातली गोरेपणाची क्रीम घेतात ते आगीतून फुफाट्यात पडतात. तिच्यात बऱ्याचदा मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते, आणि क्रीम सोडताच चेहरा पेटतो, म्हणून ती सोडवत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. चिठ्ठी न मागणारी दुकाने आपल्या गल्लीत किती आहेत ते वाचकांना ठाऊक आहे. काही बिननावाच्या क्रीममध्ये पाराही सापडतो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांत मूत्रपिंडाचा आजार डॉक्टरांनी ओळखला. चेहऱ्याला लावलेले मूत्रपिंडापर्यंत गेले. अशी क्रीम आधीपासून चालू असलेल्या चेहऱ्यावर पील करणे तर फारच धोक्याचे. डॉक्टरपासून ती लपवू नये.

आणखी एक. मान, काख काळी आणि मखमलीसारखी जाड झाली म्हणून आया मुलींना घासून घासून आंघोळ घालतात, आणि आता पील मागतात. ती मळाची पुटे नसतात. शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. वजन वाढलेले असेल, पाळी अनियमित असेल, घरात मधुमेह असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्यावी. त्या मानेवर आम्ल लावणे म्हणजे धोक्याच्या पाटीवर रंग फासणे.

इथवर वैद्यकाची बाजू झाली. आता आपली.

मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात श्रावस्तीचा अस्सलायन नावाचा तरुण ब्राह्मण भगवान बुद्धांशी वाद घालायला येतो. त्याचा दावा असा की, ब्राह्मण हाच शुक्ल वर्ण, बाकीचे कृष्ण. बुद्ध त्याला विचारतात की, ब्राह्मणांच्या बायकाही इतर बायकांसारख्याच ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मग हा दावा कसला? सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात तर गवत, कीटक, पशू-पक्षी यांच्यातले जातिभेद एकेक करून सांगितल्यावर माणसात तसा भेद केसांनी, कानांनी, डोळ्यांनी, वर्णानेही दाखवता येत नाही, असे बुद्ध सांगतात. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात शरीराची मोजमापे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा असल्याची कल्पना खोडून काढली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. त्या काळ्या तरुणांनी आपल्या रंगाचा अभिमान रस्त्यावर आणला होता. गोरा म्हणजे वरचा आणि काळा म्हणजे खालचा, हे आपल्याविरुद्ध वापरलेले शस्त्र आहे. मूर्ती आपण घराबाहेर काढल्या, हे शस्त्र मात्र आपल्या हळदी-लग्नाच्या घरात अजून खुंटीला टांगलेले आहे.

त्याचा पुरावा हवा असेल तर वधू-वर परिचय मेळाव्याचा अर्ज पाहावा. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, आणि पुढे रंग : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. खाली अपेक्षांच्या ओळीत इंजिनिअर मुलगा, शासकीय नोकर मुलगा ‘गोरी, सुस्वरूप’ असे लिहितो. मंचावर बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार असतो. त्या रकान्यात बरोबरची खूण बसावी म्हणून मुली पार्लरमध्ये गाल जाळून घेतात. मुलाच्या रंगाची चौकशी कमी होते, हेही इथे नोंदवतो. मुलींना ‘स्वतःवर प्रेम करा’ असे व्याख्यान देऊन हे थांबणार नाही. तिच्यावर दडपण आणणारा कागद आपणच छापतो, तो आपणच बदलू शकतो.

या अर्जात रंगाचा रकाना आहे, सिकलसेलचा नाही. विदर्भात आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, हे तिथल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयात विचारले तर कळेल. आईबाप दोघेही वाहक, म्हणजे रिपोर्टवर ‘एएस’, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या मुलांच्या सांध्यांच्या वेदना, वारंवार लागणारे रक्त, सरकारी वॉर्डातल्या रात्री ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना जास्त सांगायला नको. एक ‘एएस’ आणि दुसरा ‘एए’ असेल तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही, म्हणून वाहक असणे हे लग्न नाकारायचे कारण मुळीच नाही. जुळवताना दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहायचे, एवढेच. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीमही चालू आहे आणि तपासलेल्यांना कार्ड मिळते. बापाचा-आईचा रंग मुलात उतरला तर त्याला कोणत्याही वॉर्डात झोपावे लागत नाही.

वधू-वर सूचक मंडळांना आणि मेळावे भरवणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे की, पुढच्या हंगामाचे अर्ज छापखान्यात जाण्याआधी रंगाचा रकाना काढावा आणि त्या जागी ‘सिकलसेल रिपोर्ट : एए / एएस / एसएस / तपासले नाही’ असा रकाना घालावा. जागा तेवढीच लागते.